अंगठ्याची गोवरी

मी एक गोवरी बोलतेय. होय, शेणाची. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. गेल्या तीन महिन्यांत माझ्यासमोर बरीच मोठमोठी माणसं बोलून गेली. त्यांच्या बोलण्यापेक्षा माझा वास बरा, एवढं मी खात्रीनं सांगते.

सोलापूरहून अक्कलकोटच्या अंगाला जाताना रस्त्यापासून थोडी आत धनगरांची एक वस्ती आहे. चार घरं, दोन लिंबाची झाडं, पन्नासएक मेंढरं आणि एक गाय. त्या गाईच्या शेणाची मी. माझा जन्म माघ महिन्यातला. मला घडवलं केराबाईनं.

गोवरी ती काय, थापली आणि वाळली, असं तुम्हाला वाटत असेल. पण आमच्यातही दोन तऱ्हा असतात. केराबाई चुलीसाठी गोवरी थापते तेव्हा तिच्यावर पाची बोटं उमटतात. ती जळायची. दुसरी गोवरी ती लहान करते, पातळ, भाकरीसारखी गोल, आणि तिच्यावर फक्त एक अंगठा उमटवते. ती पेरायची. तिच्या पोटात बी असतं.

माझ्या पोटात वांग्याचं बी आहे. पिकून पिवळं झालेलं वांगं केराबाईनं फोडलं, बी धुतलं, राखेत घोळून सावलीत वाळवलं, मग ताज्या शेणात कालवून आम्हाला थापलं. गोठ्याच्या भिंतीला, वळचणीखाली, जिथं ऊन लागतं पण पाणी लागत नाही, तिथं आम्हाला चिकटवलं. शेणातल्या बियाला कीड लागत नाही. मृगाच्या तोंडावर भिंतीवरून काढायचं, पाण्यात फोडायचं आणि बी वाफ्यात टाकायचं. एवढीच आमची पद्धत. हिच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही, म्हणून ती आजवर नीट चालली.

आम्ही भिंतीवर नऊ जणी होतो.

दरवर्षी वीस-पंचवीस असतात. पण गेल्या साली परतीच्या पावसानं वाफ्यात पाणी साठलं आणि झाडं मुळापासून सडली. बांधाच्या कडेला एक झाड वाचलं, त्याची तीन वांगी केराबाईनं बियाला ठेवली. घरात कुणाला हात लावू दिला नाही. सून सोनम एकदा म्हणाली, "आत्या, एक तर भरताला काढा की." केराबाई म्हणाली, "माज्या बोटाचं भरीत कर, पन त्येला हात लावू नगं."

ते वांगं पांढरट हिरवं, देठाला काटे. केराबाईच्या सासूनं तिच्या माहेरहून आणलेलं. वस्तीवरच्या बाकीच्यांनी ते केव्हाच सोडलं; जांभळं, चकचकीत संकरित वांगं लावलं. म्हणजे तीन फळांचं बी, आणि ते आम्हा नऊ जणींच्या पोटात. दुसरीकडं कुठंच नाही. हे वांगं पुढच्या साली जमिनीवर दिसणार की नाही, हे आमच्यावर होतं.

सोनम ही वांगी टोपलीत घालून एसटीनं सोलापूरला न्यायची. भवानी पेठेत तिची ठरलेली घरं होती. तिथल्या तेलुगू विणकर बायका, वांग्याला वंकाया म्हणणाऱ्या, दारातूनच हाक मारायच्या, "काट्याची वंकाया आली का गं?" सोनम हे घरी येऊन सांगायची तेव्हा केराबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि थोड्या वेळानं विचारायची, "आजून काय म्हनत हुत्या?" या वर्षी अर्ध्या एकरात हेच लावायचं, असं दोघींनी ठरवलं होतं.

आता कुणी म्हणेल, केराबाई जुन्याला धरून बसलेली बाई. तसं काही नाही. टोमॅटो ती दुकानातल्या पुडीचाच लावते. मिरचीही. जे चांगलं येतं ते लावायचं, एवढंच तिला कळतं. कुठलं बी लावावं यावरून देशात त्या वेळी केवढं रण माजलंय, हे तिला माहीत नव्हतं. ते सांगायला माणसं घरी आली.

पहिले आले हृषीकेशराव. शेतकरी तंत्रज्ञान मंचाचे कार्याध्यक्ष. पायात पांढरे बूट. गोठ्यापर्यंत ते आले नाहीत, मीच त्यांना भिंतीवरून पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रयोगशाळेत जनुक बदलून एक वांगं तयार केलंय, त्याला अळी लागत नाही, फवारणी नको, पण सरकार ते लावू देत नाही. शेतकऱ्याच्या हातातलं तंत्रज्ञान हिरावून घेतलंय. असं ते म्हणाले तेव्हा केराबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. हाताला शेण होतं.

"मावशी, वांग्याला वर्षाला किती फवारण्या करता?" हृषीकेशरावांनी वही काढली.

"ह्येला? ह्येला राख टाकते. किडकं फळ तोडून मेंढराम्होरं टाकते. झालं. माज्या पुतन्याच्या जांबळ्या वांग्याला मातर लई फवारावं लागतं."

हृषीकेशरावांनी वहीत लिहिलं, 'लई फवारावं लागतं'. बाकीचं लिहिलं नाही.

"आन् तुमच्या त्या वांग्याचं बी मला घरी धरता येतंय का?" केराबाईनं विचारलं.

"बी धरायची कटकटच कशाला, मावशी? दरवर्षी ताजं बी मिळेल की."

"मिळंल म्हंजी कोन दील?"

"मार्केट देईल."

"मार्केट म्हंजी कोन? नाव सांगा की त्येचं. कुटल्या गावचा?"

केराबाईचा नवरा धुळाप्पा लिंबाखाली घोंगडीवर बसला होता, तो खो खो हसला. हृषीकेशरावांनी वही मिटली. त्यांच्या बोलण्यात सगळंच खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. अळी खरी होती. फवारून फवारून चक्कर येऊन पडलेला केराबाईचा पुतण्याही खरा होता. पण पुतण्याचं घर दहा पावलांवर असून हृषीकेशराव त्याला भेटले नाहीत. त्यांना फवारणी हवी होती, फवारणारा नको होता.

पंधरा दिवसांनी दुसरी गाडी आली. देशी बियाणे बचाव समिती. तिचे अध्यक्ष वेणीमाधव सर, शाळेतून निवृत्त झालेले, आणि चिटणीस वैदेहीताई, कॉलेजात शिकवणाऱ्या. सरांच्या अंगावर खादी, आणि बोलणं असं की समोर एक बाई असली तरी पाचशे माणसं आहेत असं वाटावं.

"केराबाई, तुम्ही सामान्य स्त्री नाही. तुम्ही बीजमाता आहात!" सर म्हणाले.

"बसा की," केराबाई म्हणाली. "जेवलासा का?"

सर जेवले. तीन भाकरी आणि वाडगाभर पिठलं खाल्लं, आणि मग गरिबाच्या तोंडचा घास कंपन्या कसा पळवताहेत, यावर डोळे पुसत बोलले. वैदेहीताई ते मोबाईलवर घेत होत्या. मध्येच त्यांनी थांबवलं. "सर, ताट फ्रेममध्ये येतंय." ताट बाजूला सारलं आणि सरांनी डोळे पुन्हा पुसले.

यांचंही सगळं खोटं नव्हतं. बी हातातून गेलं की गेलं, हे खरंच आहे. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक? पण केराबाईनं सरांना सहज म्हटलं, "सर, मृगाला बी काडीन तवा चिमूटभर तुमास्नी देते. डब्यात लावा, पत्र्याच्या. चार झाडं तरी तुमच्याकडं ऱ्हातील. माज्याकडचं गेलं तर मला परत मागून घेता येईल."

सर गडबडले. "आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गच्ची सोसायटीची. आणि आमच्या हिला मातीची ॲलर्जी."

"मग ताई तुमी?"

"मी होस्टेलला राहते हो," वैदेहीताई म्हणाल्या. "पण मी तुमच्या बियावर निबंध लिहिणार आहे."

केराबाईनं मान डोलावली. निबंधाला काय, माती लागत नाही.

जाता जाता सरांनी सांगितलं, की वैशाखात सोलापुरात मोठा कार्यक्रम आहे. कचेरीसमोरच्या मैदानात जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्यांची होळी करायची. केराबाईंनी व्यासपीठावर बसायचं. हृषीकेशरावांचे मंचवाले त्याच दिवशी, त्याच मैदानात, बंदी उठवा म्हणून धरणं धरणार होते. त्यांना तोंडघशी पाडायचं. केराबाईनं विचारलं, "मी काय बोलायचं?"

"तुम्ही बोलू नका. तुम्ही असणं हेच बोलणं आहे."

इथं मी भिंतीवर हसले. गोवरी हसली तर तडा जातो, म्हणून फार हसले नाही.

कार्यक्रमाचा दिवस आला. सोनम आणि केराबाई सकाळच्या एसटीनं पुढं गेल्या. सोनमला भवानी पेठेत घरांना सांगायचं होतं, की यंदा वांगी भरपूर येतील. त्या गेल्या आणि सर-वैदेहीताईंना घेऊन समितीचा टेम्पो वस्तीवर आला. होळीला जळण हवं, आणि ते बीजमातेच्याच घरचं, देशी गाईच्या शेणाचं असावं, अशी वैदेहीताईंची कल्पना. धुळाप्पा मेंढरं सोडत होता.

"मामा, थोड्या गोवऱ्या नेऊ का?" वैदेहीताईंनी विचारलं.

"न्या की. त्यात काय इचारता? त्या बगा, राशीत हाईत." धुळाप्पानं हातातल्या काठीनं रास दाखवली आणि मेंढरांमागं गेला. धनगर माणूस, पाहुण्यानं जळण मागितलं तर नाही म्हणायचं त्याला शिकवलेलं नाही. आणि ज्याला पाच बोटं नि एक अंगठा यातला फरक कळत नाही, असा माणूस जगात असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

राशीतल्या गोवऱ्या टेम्पोत पडल्या. मग वैदेहीताईंची नजर भिंतीवर गेली.

"सर, या बघा ना! किती गोल आहेत. त्या राशीतल्या वेड्यावाकड्या आहेत. फोटोत या छान दिसतील."

सर जवळ आले. मला भिंतीवरून उचकटून त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याच्या खुणेवर बोट फिरवलं. मला वाटलं, मास्तर माणूस आहे, विचारेल तरी, ही खूण कशाची? पण ज्यांनी जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या त्यांना प्रश्न विचारायची सवय मोडलेली असते.

"अंगठा!" सर म्हणाले. "वैदेही, हा निरक्षर शेतकऱ्याचा अंगठा आहे. जो कागदावर उठवून त्यानं सर्वस्व गमावलं, तो अंगठा! ही मी भाषणात हातात धरणार."

आम्ही नऊही जणी निघालो.

मैदानात मधोमध पोलिसांनी दोरी बांधली होती. अलीकडं समितीचा मांडव, पलीकडं मंचाचा. दोन्हीकडं सारखेच भोंगे, सारख्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे सारखेच जार. मांडववालाही एकच होता. तो दोरीवर हात ठेवून दोन्हीकडच्या खुर्च्या मोजत होता. अलीकडून घोषणा यायची, "विषारी वांगं चालणार नाही!" पलीकडून यायची, "बंदी उठवा, शेतकरी वाचवा!" शेतकरी म्हणावेत असे दोन्हीकडं मिळून वीसभर असतील, ते जिथं सावली जास्त तिथं बसले होते.

जाळायला जी जीएम बियाण्यांची पाकिटं आणली होती, त्यांचीही गोष्ट सांगते. मी त्यांच्याच पोत्याशेजारी टेम्पोतून आले. त्यांच्यात बी नव्हतंच. ते वांगं देशात विकायला बंदी, मग बी आणणार कुठून? म्हणून समितीनं नवी पेठेतल्या एका छपाईवाल्याकडून दोनशे पाकिटं छापून घेतली होती. वर जांभळं वांगं, त्यावर कवटी, आणि आत हवा. उभी राहावीत म्हणून थोडं रद्दीचं भरताड.

होळी रचली. खाली राशीतल्या गोवऱ्या, वर माझ्या आठ बहिणी गोल मांडून, त्यावर पाकिटं. रॉकेल शिंपडलं. कुणीतरी काडी लावली. टाळ्या झाल्या. त्या आगीत खरं बी होतं ते एवढंच, आठ अंगठ्यांखालचं. ज्याला वाचवायचं म्हणून मांडव घातला, तेच मांडवातल्या माणसांनी पेटवलं, आणि ज्याला जाळायचं होतं त्याचा एक दाणाही तिथं नव्हता.

केराबाई व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसली होती, गळ्यात झेंडूची माळ. सोनम खाली पहिल्या रांगेत. धुरामुळं दोघींना काही दिसत नव्हतं. मग सर माईकसमोर आले आणि त्यांनी मला उंच धरलं.

"बंधू-भगिनींनो, ही साधी गोवरी नाही! हिच्यावर पहा, एका अडाणी, पिचलेल्या, नाडलेल्या..."

केराबाईनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं.

"सर!" ती उठली. "सर, ती कुटनं आनली?"

सर थांबले नाहीत. भाषणाच्या भरात कुणी थांबतं का? "...शेतकऱ्याचा अंगठा आहे!"

"आवो माजा हाय अंगठा! बी हाय त्यात! टाकू नगा, सर!"

तिनं सरांची बाही ओढली. माईकमधून फक्त खरखर आली. सरांना वाटलं, बाईला भरून आलंय. त्यांनी तिला एका हातानं कवेत घेऊन पुढं आणलं. "पहा, बीजमातेला राहवत नाही! तिच्या साक्षीनं..." आणि मला आगीत भिरकावलं.

मी कडेला पडले. डावं अंग धडाडून पेटलं. शेजारी माझ्या बहिणी लाल झाल्या होत्या. त्यांच्यावरचे अंगठे अजून दिसत होते.

केराबाई व्यासपीठावरून खाली उतरली नाही, पडली. तशीच उठून आगीशी आली आणि तिनं हात घातला. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाई स्वतःच्या हातानं होळी चेतवते आहे. वैदेहीताई ओरडल्या, "वा, केराबाई, वा!" केराबाईनं मला बाहेर ओढलं, पदरात धरून विझवलं, आणि परत हात घालायला वाकली.

तेवढ्यात सोनम उठली. तिनं सासूला मागं ओढलं, मांडवातला पाण्याचा जार उचलला आणि आगीवर उपडा केला. फस्स करून राख उडाली. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचे कपडे भरले.

"अहो बाई, काय करता काय! कार्यक्रम आहे हा!" सर ओरडले.

"काय करते म्हंजी?" सोनम माईकशिवायच ओरडली, आणि सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "आमचं बी जाळलंसा तुमी! सगळंच्या सगळं! अंगठ्याची गवरी चुलीत घालत न्हाईत, एवढं आमच्या पाच वर्साच्या पोराला बी कळतंय!"

सर हळूच वैदेहीताईंना म्हणाले, "हे लाइव्ह चाललंय का?"

तेवढ्यात पलीकडचा भोंगा वाजला. दोरीपलीकडं हृषीकेशरावांच्या कानावर गोष्ट गेली होती, आणि त्यांना इतका आनंद झाला की आवाज फाटला. "ऐका, ऐका! देशी बियाणे बचाव समितीनं देशी बियाणं जाळलं! यांना बी आणि शेण यांतला फरक कळत नाही, आणि हे विज्ञानाला शिकवणार!" पलीकडची माणसं खुर्च्यांवर उभी राहून हसली. हृषीकेशरावांच्या मांडवातही भरलेले जार होते. दोरीवरून एकही पुढं आला नाही.

एक वाहिनीवाला केराबाईजवळ आला. तिच्या हाताला फोड आले होते. तो म्हणाला, "आजी, परत एकदा हात घालता का? मघाचा शॉट हलला."

त्याला उत्तर सोनमनं दिलं. ते मी इथं सांगत नाही. वाचणाऱ्यांत लेकरंबाळंही असतील.

राख थंड झाल्यावर दोघींनी बोटांनी चाळली. आठ जणींतलं काही हाती लागलं नाही. मला सोनमच्या ओढणीत गुंडाळून त्या एसटीनं घरी आल्या. वाटेत केराबाई एवढंच म्हणाली, "सासूबाईचं वांगं हुतं गं." धुळाप्पानं सगळं ऐकलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही. "मीच न्या म्हनलो," असं तो मेंढरांना सांगत होता.

पुढचे आठ दिवस दोन्हीकडची पत्रकं निघाली. समितीचं म्हणणं, यामागं कंपन्यांचं कारस्थान आहे. मंचाचं म्हणणं, यातून देशी बियाण्यांची असुरक्षितता सिद्ध झाली. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. केराबाईचंही नाही. तिनं हाताला लोणी लावलं आणि मला फडक्यात बांधून उतरंडीवर ठेवलं.

मग हृषीकेशराव आले. बरोबर फोटोवाला. त्यांनी संकरित वांग्याची दोन पाकिटं केराबाईच्या हातात ठेवली, म्हणजे भाजलेल्या हातात, कारण फोटोत तोच हात चांगला दिसत होता.

"मावशी, मंचातर्फे भेट. त्यांनी जाळलं, आम्ही दिलं."

"ठिवा तितं," केराबाई म्हणाली. "लावीन एका सरीला. बियानं माजं काय वाईट केलंय?"

"एवढं मोबाईलकडं बघून बोला ना."

"वाफा करायचाय मला. बगून बोलायला येळ न्हाई."

आणि आज सकाळी, मृग तोंडावर आलेला असताना, सर आले, वैदेहीताईंना घेऊन. टेम्पोतून एक काचेची पेटी उतरवली. सुंदर होती, सागवानी चौकट, आत लाल मखमल, खाली पितळी पट्टी. पट्टीवर कोरलं होतं, 'हुतात्मा बीज'.

सरांनी केराबाईला हात जोडले. खरंच जोडले, हे मी नाकारत नाही. म्हणाले, "केराबाई, आमचा अपराध झाला. त्याचं प्रायश्चित्त म्हणून ही अर्धी जळालेली गोवरी आम्ही जपणार. पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे. दारातच ठेवणार. देशभरातले लोक तिच्यासमोर मान झुकवतील."

"मग तिच्यातलं बी?"

"बी आतच राहील. सुरक्षित."

"किती दिस?"

"कायमचं!" सर म्हणाले. त्यांना वाटलं, आपण मोठं काही देतोय.

केराबाईनं मला उतरंडीवरून काढलं, फडकं सोडलं आणि माझ्याकडं पाहिलं. खरं सांगते, मला भीती वाटली. मखमल मऊ असते. त्या पेटीत मला कुणी जाळलं नसतं, भिजवलं नसतं, फोडलं नसतं. मी शंभर वर्षं टिकले असते आणि माझ्या पोटातलं बी पहिल्या दोन-तीन वर्षांतच मेलं असतं. आगीनं अर्धं मारलं, उरलेलं मानसन्मानानं मेलं असतं.

"सोनम, बादली आन," केराबाई म्हणाली.

"केराबाई, एक मिनिट, काय करताय?" सर पुढं झाले. "अहो, हा ऐतिहासिक ठेवा आहे!"

"ठेवा न्हाई सर, गवरी हाय. अंगठ्याची. ही फोडायची असती."

तिनं मला दोन्ही हातांत धरलं आणि गुडघ्यावर मोडलं. जळालेलं अंग भुगा होऊन पडलं. उरलेलं तिनं बादलीत कुस्करलं. सर काचेच्या पेटीला धरून उभे होते. घटकाभर मी भिजत राहिले, मऊ झाले, सुटत गेले. मग बी वर येऊ लागलं. काळं, पोकळ, हलकं. एक, दोन, मग पुष्कळ. पाण्यावर त्याचा थरच जमला.

सरांचा चेहरा खुलला. "वाचलं की! केवढं वाचलंय बघा! वैदेही, घे, घे, फोटो घे."

"ते मेलेलं हाय," सोनम म्हणाली. "पोकळ असतं ते वर येतं, सर. सगळ्यास्नी तेच दिसतं."

तिनं बादली हळूच वाकडी करून वरचा थर ओतून दिला. कोंबड्या धावल्या. वैदेहीताईंनी मोबाईल खाली घेतला. पहिल्यांदाच त्या नुसत्या डोळ्यांनी बघत होत्या.

केराबाईनं बाही वर सारली आणि भाजलेला हात गढूळ पाण्यात घातला. तळाला चाचपलं. धुळाप्पा मेंढरं सोडून जवळ येऊन उभा राहिला होता. केराबाईचं तोंड काही सांगत नव्हतं. तिनं पुन्हा चाचपलं. मग मूठ बाहेर काढली आणि उघडली. हातावर चिखल होता, आणि चिखलात बी होतं. फार नाही. तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतकं. पण जड, पिवळसर, तळाला बसलेलं.

"हाईत," ती म्हणाली.

धुळाप्पा वाफ्यातले खडे वेचायला गेला.

"एवढंच?" सर म्हणाले. "यातून काय होणार?"

"अर्दा एकर न्हाई व्हायचं," केराबाई म्हणाली. "बियापुरतं हुईल. खायला फुडच्या साली."

बी तिनं आत्ताच वाफ्यात टाकलंय, वरून राख भुरभुरलीय. आता बादली उचलून ती माझं उरलेलं पाणी त्याच वाफ्यावर शिंपडते आहे. मी अर्धीअधिक मातीत गेले, थोडी अजून तिच्या बोटांना लागलेली आहे, तेवढ्यावर बोलतेय. उगवेल की नाही, मला माहीत नाही. सरांना माहीत नाही, हृषीकेशरावांना तर नाहीच. केराबाई दहा दिवस रोज सकाळी येऊन उकिडवी बसेल, तेव्हा कळेल.

सर अजून इथंच आहेत. पेटी रिकामी न्यायची कशी, याचा विचार करताहेत. बोलायला काहीतरी सुचलेलं दिसतंय. त्यांनी घसा खाकरलाय, आणि पुढं पाऊल टाकलंय.

जाता जाता एवढंच सांगते. वांग्यावर बोलायचं तेवढं बोला. बंदी घाला, बंदी उठवा, भोंगे लावा, पत्रकं काढा. पण तिकडं, बांधावर उभं राहून. वाफ्यात पाय देऊ नका.